दुभाष्याची खुर्ची: ‘नीकॅप’ ह्या प्रहसनाविषयी

१९०७ च्या जानेवारीत डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात जे. एम. सिंज ह्यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले आणि प्रेक्षागृहात दंगा झाला. दंग्याचे तात्कालिक निमित्त एक शब्द होता. स्त्रियांच्या अंतर्वस्त्राचे साधे, घरगुती नाव. हे नाव घरोघर उच्चारले जात होते; रंगमंचावर मात्र ते सहन झाले नाही. दंगा करणारे लोक इंग्रज सरकारचे हस्तक नव्हते, ते देशाभिमानी आयरिश होते. आयरिश खेडूत हा त्यांच्या दृष्टीने राष्ट्राच्या पावित्र्याचे प्रतीक होता आणि त्याच्या तोंडी असा शब्द घालणे म्हणजे राष्ट्राचीच विटंबना, असा त्यांचा युक्तिवाद होता. विनोदी कलाकृतीतील एखाद्या शब्दावरून उठणारा वाद वरवर शब्दाचा असला, तरी वस्तुतः तो प्रतिनिधित्वाचा असतो. आमचे चित्र कोणी काढावे, कोणत्या भाषेत काढावे आणि ते कोणापुढे मांडावे, हे प्रश्न त्या एका शब्दाच्या पोटात दडलेले होते.

ह्या घटनेला ११७ वर्षे झाली, तेव्हा, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात ‘नीकॅप’ नावाचा चित्रपट दाखवला गेला आणि तेथे त्याला प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक रिच पेपियट हे इंग्रज असून पूर्वी वृत्तपत्रव्यवसायात होते. चित्रपटाचा विषय आहे पश्चिम बेलफास्टमधील त्याच नावाचे एक गायकत्रिकूट. हे तिघे आयरिश भाषेत रॅप करतात, म्हणजे तालाच्या ठेक्यावर यमकबद्ध बोलगाणी म्हणतात. आणि चित्रपटात त्यांनी स्वतःच्याच भूमिका केल्या आहेत. लीम ओग ओ हॅनी, नीशा ओ कॅरल्लान आणि जे. जे. ओ डोखर्टी ही त्यांची खरी नावे; रंगमंचावर ते मो खारा, मोगली बॅप आणि डीजे प्रोवी ह्या नावांनी वावरतात. ‘नीकॅप’ म्हणजे गुडघ्याची वाटी. उत्तर आयर्लंडच्या रक्तरंजित वर्षांत सशस्त्र संघटना आपल्याच वस्तीतील गुन्हेगारांना, किंवा ज्यांना त्या गुन्हेगार ठरवीत त्यांना, गुडघ्यात गोळी घालून शिक्षा करीत. ज्या त्रिकुटाने हे नाव हसत हसत स्वीकारले, त्याच्या विनोदाची जात कोणती असेल ह्याची कल्पना नावावरूनच येते.

ह्या त्रिकुटाची गीते प्रक्षोभक आहेत. त्यांत शिव्या आहेत, अमली पदार्थांचे उघड उल्लेख आहेत, ब्रिटिश सत्तेला उद्देशून अपशब्द आहेत. २०१७ मध्ये निघालेले त्यांचे पहिले गाणे आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीचे आयरिश भाषेतील केंद्र असलेल्या रेडिओ ना गेलटाख्टाने ह्याच कारणास्तव प्रसारणातून काढून टाकले. त्या गाण्याच्या नावाचा अर्थ ‘हक्क’ असा आहे. हक्कांची मागणी करणारे गाणे आयरिश भाषेच्याच नभोवाणीने नाकारावे, ह्या प्रसंगात प्रहसनाचे बीज आपोआपच पडलेले होते. चित्रपटाने ते ओळखले आणि वाढवले.

चित्रपटाचा आरंभच पारंपरिक अपेक्षेची थट्टा करतो. बेलफास्टविषयीची कथा म्हटली की स्फोट, जळत्या मोटारी आणि धूर ही दृश्ये ठरलेली. निवेदक ती दाखवतो, त्यांची टर उडवतो आणि मग स्वतःची गोष्ट सांगू लागतो. रानात, एका जुन्या प्रार्थनाशिलेजवळ, एका बाळाचा बाप्तिस्मा चाललेला आहे आणि वरून ब्रिटिश सैन्याचे हेलिकॉप्टर प्रकाशझोत टाकीत आहे. त्या बाळाचा बाप आर्लो हा सशस्त्र चळवळीतला माणूस. ही भूमिका मायकेल फासबेंडर ह्यांनी केली आहे. २००८ च्या ‘हंगर’ ह्या चित्रपटात उपोषणाने मरण पत्करणाऱ्या बॉबी सँड्झची भूमिका ह्याच नटाने केली होती, हे लक्षात ठेवले म्हणजे येथील उपरोध अधिक बोचरा होतो. आर्लोची श्रद्धा अशी, की उच्चारलेला प्रत्येक आयरिश शब्द ही स्वातंत्र्याच्या लढ्यातली गोळीच होय. पुढे तो स्वतःच्या मृत्यूचा बनाव करून नाहीसा होतो. मागे राहतात घराबाहेर पाऊल न टाकणारी त्याची पत्नी डोलोरेस, त्याचा मुलगा नीशा आणि नीशाचा मित्र लीम. आर्लोने दिलेली भाषा दोघांजवळ आहे, पण तिचे करायचे काय हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

कथेची खरी गाठ पोलीस ठाण्यात पडते. रानातल्या एका मेजवानीवर धाड पडते, लीम पकडला जातो आणि इंग्रजीत एक शब्दही बोलायला नकार देतो. पोलिसांना दुभाष्या हवा असतो. भाषाचळवळीत काम करणाऱ्या केटलिनकडे विचारणा होते आणि तिच्याऐवजी तिचा जोडीदार जे. जे., आयरिश शाळेतला संगीतशिक्षक, तेथे जातो. समोर लीमची वही पडलेली असते. वहीत अमली द्रव्याचा कागद दडवलेला आहे आणि तिच्या पानांवर त्याच्या कविता आहेत. दुभाष्याला दोन्ही दिसतात. तो इमानाने भाषांतर करीत नाही. तो आरोपीला सांभाळून घेतो, वही लांबवतो, घरी नेऊन ती वाचतो आणि तिच्यातले शब्द गाण्याच्या लायकीचे आहेत हे त्याच्या ध्यानी येते. म्हणजे ह्या काव्याचा पहिला रसिक हा त्याचा अप्रामाणिक भाषांतरकार आहे. संपूर्ण चित्रपटात ह्या प्रसंगाइतका अर्थगर्भ प्रसंग दुसरा नाही.

आयरिश नाट्यपरंपरेत ह्या प्रसंगाला एक थोर पूर्वज आहे. ब्रायन फ्रील ह्यांचे ‘ट्रान्सलेशन्स’ हे नाटक १९८० मध्ये डेरी शहरात प्रथम सादर झाले. १८३३ सालच्या डॉनेगलमधील एका खेड्यात ब्रिटिश सैनिक मोजणीसाठी आले आहेत, आयरिश ग्रामनामांना इंग्रजी रूपे दिली जात आहेत आणि गावचाच तरुण ओवेन हा त्यांचा दुभाष्या आहे. पहिल्या अंकात कॅप्टन लॅन्सीचे अधिकाराचे भाषण ओवेन सौम्य करून गावकऱ्यांना सांगतो. त्यातले सैनिकी काटे काढून टाकतो. तिसऱ्या अंकात त्याच लॅन्सीच्या धमक्या त्याला शब्दशः सांगाव्या लागतात. सत्तेचे शब्द प्रजेसाठी मऊ करणारा दुभाष्या अखेर सत्तेचाच मुखत्यार ठरतो, ही फ्रील ह्यांची शोकात्म जाणीव आहे. ‘नीकॅप’मध्ये दिशा उलटली आहे. येथे प्रजेचे शब्द सत्तेपुढे फिरवले जातात आणि दुभाष्या खुर्ची सोडून आरोपीच्या बाकावर जाऊन बसतो. एक फरक त्याहूनही मोठा आहे. फ्रील ह्यांच्या नाटकात गावकरी आयरिश बोलतात असे मानायचे असते. प्रेक्षकाच्या कानी मात्र सर्वत्र इंग्रजीच पडते. चित्रपटात आयरिश प्रत्यक्ष बोलली जाते आणि इंग्रजी पडद्याच्या तळाशी अक्षरांत उतरते. जी भाषा १९८० मध्ये संकेताने सुचवावी लागली, ती २०२४ मध्ये शिव्याशाप देत कानांवर आदळते. हे स्थित्यंतर केवळ तांत्रिक नाही.

प्रक्षोभक रॅपवरील वादाला अमेरिकेत जो इतिहास आहे, त्यातही हा दुभाष्या भेटतो. १९९० च्या जूनमध्ये फ्लोरिडातील एका संघराज्य न्यायाधीशाने ‘टू लाइव्ह क्रू’ ह्या गटाची ध्वनिमुद्रिका अश्लील ठरवली आणि त्यानंतर एका कार्यक्रमाबद्दल गटावर खटला झाला. ऑक्टोबरमधील सुनावणीत हेन्री लुई गेट्स हे साहित्याभ्यासक साक्षीला उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेत अतिशयोक्ती, विडंबन आणि आडवळणाची चेष्टा ह्यांना कोणते स्थान आहे, हे त्यांनी ज्यूरीला समजावून दिले. गट निर्दोष सुटला आणि अश्लीलतेचा मूळ निर्णयही १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयात टिकला नाही. ह्या काळाचे विडंबन रस्टी कंडीफ ह्यांच्या १९९३ च्या ‘फिअर ऑफ अ ब्लॅक हॅट’ ह्या चित्रपटात आहे. त्यात एक संशोधक तरुणी एका रॅप गटाचा अभ्यास करते आणि गटातले गायक आपल्या अत्यंत ग्राम्य गीतांना अत्यंत उदात्त सामाजिक अर्थ चिकटवून तिला सांगत राहतात. कंडीफ ह्यांची दृष्टी मार्मिक आहे. बचावासाठी केलेला भाष्यार्थ कधी कधी मूळ अपराधाहून हास्यास्पद असतो, हे त्यांनी ओळखले. शिष्टसमाज आणि रस्ता ह्यांच्यामध्ये कोणीतरी बसून अर्थ सांगतो, हाच ह्या विनोदप्रकाराचा गाभा आहे. आणि अर्थ सांगणाऱ्याची फजिती हे त्याचे हमखास हास्यस्थान. ‘नीकॅप’ ह्या परंपरेत बसतो, पण येथे परके आहे ते गीतांतील भाषारूप नसून सबंध भाषाच आहे. त्यामुळे अर्थ सांगणाऱ्याची जबाबदारी आणि त्याची फजिती दोन्ही वाढतात.

येथे अश्लीलतेच्या स्वरूपाचा थोडा विचार अवश्य आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलत्व हा दोष तीन प्रकारचा मानला: व्रीडा, म्हणजे लज्जा, उत्पन्न करणारा, जुगुप्सा, म्हणजे किळस, उत्पन्न करणारा, आणि अमंगलाची सूचना देणारा. आधुनिक कायद्याने ह्यांपैकी मुख्यतः पहिल्या प्रकाराकडे लक्ष पुरवले. मम्मटाची विभागणी त्याहून व्यापक आणि ह्या चित्रपटाच्या संदर्भात अधिक उपयोगी आहे. चित्रपटात तिन्ही प्रकार आढळतात. लीम आणि जॉर्जिया ह्या प्रॉटेस्टंट मुलीचे शय्याप्रसंग पहिल्या प्रकारातले. तेथे दोघे एकमेकांच्या जमातीला राजकीय शिव्या घालत प्रणय करतात, आणि शतकांचे वैर शृंगाराच्या खेळात वापरले जाते. अमली पदार्थांची आणि शरीरधर्मांची सारी थट्टा दुसऱ्या प्रकारातली. सशस्त्र संघटनांचे वेष, घोषणा आणि खुद्द गटाचे नाव ही तिसऱ्या, अमंगलाच्या प्रकारातली. जे. जे. आपली शिक्षकाची ओळख लपवण्यासाठी आयरिश ध्वजाच्या तीन रंगांची माकडटोपी घालतो. ज्या टोपीआडून एकेकाळी बंदूक डोकावत असे, तिच्याआडून आता एक भेदरलेला संगीतशिक्षक डोकावतो. भरताने हास्याचे मूळ विकृत वेष आणि विकृत वाणी ह्यांत सांगितले आहे, त्याचे ह्याहून सुबोध उदाहरण शोधावे लागू नये.

अश्लीलता शब्दात असते की ऐकणाऱ्याच्या भाषेत, हा प्रश्न आयर्लंडने एकदा फार विनोदी रीतीने सोडवला आहे. ब्रायन मेरिमन ह्या अठराव्या शतकातील कवीने १७८० च्या सुमारास आयरिशमध्ये एक दीर्घ विनोदी काव्य लिहिले. मध्यरात्री भरलेल्या दरबारात स्त्रिया पुरुषांविरुद्ध फिर्याद मांडतात, अशी त्याची कल्पना. आणि त्यातील भाषेला कसलाही संकोच नाही. फ्रँक ओकॉनर ह्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४६ मध्ये आयर्लंडच्या ग्रंथनियंत्रण मंडळाने त्यावर बंदी घातली. मूळ आयरिश काव्य मात्र खुशाल विकले जात राहिले. तोच अर्थ, तीच कवीची धिटाई. आयरिशमध्ये तो वारसा, इंग्रजीत तो गुन्हा. ह्याचे एक स्पष्टीकरण असे की मूळ वाचणारे थोडे होते. दुसरे अधिक खेदाचे आहे. आयरिश ही पूज्य भाषा म्हणून देव्हाऱ्यात बसवली गेली होती, आणि देव्हाऱ्यातल्या भाषेत कोणी खरोखर काही म्हणत आहे, हे मंडळाच्या ध्यानातच आले नसावे. भाषांतराने काव्याला श्रोते दिले, आणि श्रोते मिळताच त्यावर बंदी आली.

‘नीकॅप’च्या गीतांचा अपराध नेमका ह्याच ठिकाणी आहे. त्यांनी आयरिशमध्ये असे काही म्हटले, की जे ऐकून उत्तर द्यावेसे वाटते. उत्तर आयर्लंडात २०२१ च्या जनगणनेनुसार आयरिश थोडीफार जाणणारे १२.४ टक्के आहेत. तिला आपली मुख्य भाषा म्हणणारे मात्र सुमारे ६ हजार. ज्या भाषेचा वापर पाट्या, प्रार्थना, भाषणे आणि शाळेतील धडे एवढ्यापुरता उरण्याचा धोका असतो, तिच्यात भांडता येते का, खोटे बोलता येते का, प्रेमात निर्लज्ज होता येते का, ह्यावर तिचे जीवन अवलंबून असते. चित्रपटातील तरुणांना ह्या भाषेत नशेच्या द्रव्यांची नावे हवी होती आणि कोशात ती नव्हती. प्रत्यक्षातील त्रिकुटाने ती घडवली. कोकेनसाठी त्यांनी तपकिरीचा जुना आयरिश शब्द उचलला. एम. डी. एम. ए. ह्या द्रव्याच्या आद्याक्षरांत तीन व्यंजने आणि एक स्वर आहे, म्हणून त्यांनी ‘तीन व्यंजने आणि एक स्वर’ ह्या आयरिश शब्दसमूहाचेच संक्षिप्त रूप केले. आणि ते २०१८ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नावही झाले. पदार्थ निंद्य आहे. शब्द घडवण्याची रीत मात्र अस्सल आहे. ह्या रीतीत व्याकरणाचे ज्ञान आहे, कोडे आहे आणि परकीयाला चकवण्याचा आनंद आहे. समित्या कायद्यासाठी आणि शास्त्रांसाठी परिभाषा घडवतात, तीही हवी असते. पण परिभाषेत कोणी कोणाला टोपणनाव देत नाही.

आणि तरीही चित्रपटाचे खरे बळ हे, की त्याने विरोधी पक्षाचा युक्तिवाद खोटा पाडलेला नाही. केटलिन ही भाषेच्या कायद्यासाठी झटणारी स्त्री आहे. ह्या लढ्याला सत्य इतिहास आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळात एका युनियनिस्ट सभासदाने आयरिशमधील ‘धन्यवाद, सभापती’ ह्या औपचारिक वाक्याची दह्याचे आणि मसाल्याचे शब्द योजून नक्कल केली. २०१६ च्या डिसेंबरात गरीब मुलांना आयरिशभाषी प्रदेशात शिकायला पाठवणारे ५० हजार पौंडांचे अनुदान एका मंत्र्याने बंद केले. आरडाओरड झाल्यावर ते पुढच्याच महिन्यात पुन्हा द्यावे लागले. ह्या अपमानांतून जी चळवळ उभी राहिली, तिने हजारो लोक बेलफास्टच्या रस्त्यांवर आणले. अशा चळवळीला शिस्त लागते, प्रतिष्ठा लागते, विरोधकाच्या हाती कोलीत द्यायचे नाही हे व्रत लागते. ज्या दिवशी माकडटोपी घातलेला शिक्षक रंगमंचावर पाठमोरा होऊन उघड्या अंगावर लिहिलेली ब्रिटिशांविरुद्धची घोषणा दाखवतो, त्या दिवशी केटलिनची वर्षांची मेहनत धोक्यात येते. तिचा राग रास्त आहे. अखेर २०२२ च्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेचा जो कायदा झाला, ज्याने आयरिशला अधिकृत मान्यता दिली आणि न्यायालयांत आयरिशला मज्जाव करणारा १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद केली, तो केटलिनसारख्यांच्या चिकाटीचे फळ होता. गाण्यांनी कायदे होत नाहीत.

परंतु विधिमंडळातील त्या नकलेला उत्तर काय द्यायचे, हा प्रश्न केटलिनच्या पद्धतीने सुटत नाही. कुचेष्टेपुढे सभ्यता निरुत्तर होते. सभ्य मनुष्य दुखावतो, निषेध नोंदवतो, आणि नक्कल करणारा पुन्हा हसतो. प्रहसन मात्र त्याच पातळीवर उतरून उत्तर देऊ शकते. ह्या त्रिकुटाची गीते म्हणजे त्या कुचेष्टेला तिच्याच स्वरात दिलेला जबाब आहे, असे मानले तर त्यांतील ग्राम्यतेचे प्रयोजन कळते. ज्या भाषेला वेडेवाकडे आवाज म्हणून हिणवले, ती भाषा हिणवणाऱ्यालाच हसू लागली. आणि ती काय म्हणते हे कळायला आता त्यालाच दुभाष्या बोलवावा लागतो. चळवळीने भाषेला न्यायालयात जागा मिळवून दिली आणि प्रहसनाने तिला चावडीवर आणले. चित्रपटात केटलिन आणि जे. जे. एकाच घरात राहतात, ही योजना म्हणूनच सूचक आहे. त्यांचे भांडण घरातले आहे आणि दोघांपैकी कोणीही घर सोडून गेले तर भाषेचेच नुकसान होईल.

एवढे मान्य करून चित्रपटाच्या उणिवांकडे वळले पाहिजे. पहिली उणीव संघर्षाच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे. दोन संस्कृतींचा संघर्ष म्हटला की दोन्हींना आपापले अंतःकरण असायला हवे. येथे प्रॉटेस्टंट बाजूला जॉर्जिया आहे आणि तिची मावशी, पोलीस अधिकारी एलिस आहे. जॉर्जियाला खट्याळ जिवंतपणा मिळाला आहे, पण तिला स्वतःची गोष्ट नाही. एलिस तर केवळ हातात काठी घेतलेली सत्ता. वस्तुतः बेलफास्टमधील आयरिश भाषेचा इतिहास ह्याहून गुंतागुंतीचा आणि म्हणून अधिक विनोदक्षम आहे. एकोणिसाव्या शतकात ह्याच शहरात आयरिश हस्तलिखिते जमवणारा रॉबर्ट मॅकॲडम हा प्रेस्बिटेरियन होता. आणि आज पूर्व बेलफास्टच्या युनियनिस्ट वस्तीत ‘टुरस’ नावाचा उपक्रम आयरिशचे वर्ग चालवतो. त्या वर्गात बसणारे एखादे पात्र चित्रपटात असते, तर लीमच्या भाषेवरील मालकीला धक्का बसला असता आणि हास्याला एक नवी दिशा मिळाली असती. भाषा ही आपल्या बाजूची गोळी, ही आर्लोची श्रद्धा चित्रपट थोडी हसून पण पुष्कळशी तशीच स्वीकारतो. ज्या चित्रपटाने पहिल्याच दृश्यात ठरीव प्रतिमांची टर उडवली, त्याने दुसऱ्या बाजूसाठी ठरीव प्रतिमाच वापरल्या, ही विसंगती डोळ्यांत भरते.

दुसरी उणीव अमंगलाच्या हाताळणीत आहे. लज्जा आणि किळस ह्यांचे हास्यात रूपांतर होते, कारण त्यांचा विषय सर्वांचे शरीर असतो. अमंगलाचे तसे नसते. तेथे कोणाचे तरी मरण असते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या शांतता करारापर्यंत ह्या संघर्षात ३५०० हून अधिक माणसे मेली. करारानंतर वाढलेल्या पिढीला माकडटोपी हा रंगमंचीय वेष वाटतो. मागच्या पिढीतल्या अनेकांना तो दारावर पडलेल्या थापेची आठवण देतो. चित्रपट ह्याबाबत बेजबाबदार आहे असे म्हणता येणार नाही. अमली पदार्थांविरुद्ध लढण्याचा आव आणणारी जी सशस्त्र टोळी त्यात येते, ती केवळ हास्यास्पद आहे आणि तिची धमकी ह्या मुलांच्याच वाट्याला येते. आपल्या बाजूच्या बंदुकीला हसण्याचे धैर्य त्यात निश्चित आहे. पण आर्लोच्या बाबतीत हे धैर्य सुटते. मरणाचा बनाव करून योग शिकवीत लपलेला हा बाप सुरुवातीला उत्तम विनोदी पात्र आहे. उत्तरार्धात मात्र पितापुत्रांचा समेट घडवण्याच्या भरात चित्रपट त्याला करुण आणि वीर करून टाकतो. ज्या आईने त्याच्या बनावाची किंमत चार भिंतींत राहून मोजली, तिचा हिशेब घाईने मिटवला जातो. येथे प्रहसनाचा मेलोड्रामा झाला आहे. भरतप्रणीत प्रहसनाच्या दोन भेदांपैकी संकीर्ण प्रहसनात धूर्त, विट, सेवक अशा नाना पात्रांना मुभा आहे. पण तेथेही कोणा धूर्ताला अखेर नायकपद बहाल करण्याची प्रथा नाही.

तिसरी गोष्ट उणीव म्हणावी की मर्यादा, हे सांगणे कठीण आहे. ती भाषांतराची आहे. गीते चालू असताना शब्द पडद्यावर हस्ताक्षरात उमटतात, नाचतात, खोडले जातात. लीमच्या वहीची पाने जणू हवेत उडत राहतात. ही योजना देखणी आहे आणि परभाषी प्रेक्षकाला ती गीताच्या आत नेते. पण तिच्यामुळे अर्थ फार लवकर हाती येतो. पोलीस ठाण्यात दुभाष्याने अर्थ दडवला, म्हणून त्या वहीला मोल आले. पडद्याच्या तळाशी मात्र शिवीमागून शिवी विनाअडथळा इंग्रजीत उतरते, आणि आयरिशमधील यमक, अनुप्रास, जुन्या शब्दाचा नवा उपयोग ही सारी कलाकुसर मागे राहते. परिणाम असा की ज्याला आयरिश येत नाही त्याला गीतांचा प्रक्षोभ तेवढा मिळतो, काव्य मिळत नाही. आणि प्रक्षोभावरूनच गीतांचा न्याय होतो. ओकॉनर ह्यांच्या भाषांतरावरील बंदीचा धडा ह्याहून वेगळा नव्हता. शिवी भाषांतरात सर्वांत लवकर पोचते आणि तिचे कारण सर्वांत उशिरा.

चित्रपटाबाहेरही हा न्याय लागलीच झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मंत्र्यांनी ह्या त्रिकुटाला मंजूर झालेले १४,२५० पौंडांचे अनुदान अडवले. नोव्हेंबरात बेलफास्टच्या उच्च न्यायालयात ती अडवणूक बेकायदेशीर होती हे सरकारला मान्य करावे लागले आणि तितकीच रक्कम द्यावी लागली. पुढे त्रिकुटाच्या रंगमंचावरील वर्तनाविषयी जे राजकीय वाद उद्भवले, त्यांचा निवाडा साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. सत्तेने आक्षेप घेतला तो राजकारणाला, नभोवाणीने घेतला तो नशेच्या उल्लेखांना, भाषेच्या कैवाऱ्यांनी घेतला तो असभ्यतेला. तिन्ही आक्षेपांत थोडे थोडे सत्य आहे, पण गीतांना गीते म्हणून वाचण्याची तसदी ह्यांपैकी कोणीच घेतली नाही. वाचली ती एका दुभाष्याने, ठाण्यातून लांबवलेल्या वहीत.

भारतासारख्या बहुभाषी देशातील वाचकाला हा चित्रपट परका वाटू नये. येथेही कित्येक भाषांचे अभिमानी आपल्या भाषेला वस्त्रालंकार चढवून पालखीत बसवतात आणि तिच्या नावाने जयजयकार करून इंग्रजीत संसार करतात. अशा भाषेत एखाद्या गल्लीतला मुलगा ठेक्यावर काही असभ्य म्हणू लागला, की पालखीचे भोई प्रथम दचकतात. त्यांचे दचकणे समजण्यासारखे आहे, कारण पालखी वाहणे हेही श्रमाचे काम असते. पण त्या मुलाने शिवी देण्यासाठी तीच भाषा निवडली, सोपी आणि पैसा देणारी दुसरी निवडली नाही, ह्या निवडीची दखल शिवीच्या आधी घेतली पाहिजे. समीक्षकाचे काम तेथून सुरू होते. त्या असभ्य ओळींत यमक जुळले आहे का, शब्द नवा आहे का, हास्य कोणाला मारते आणि कोणाला वाचवते, हे त्याने पाहायचे असते. ‘नीकॅप’ची काही गीते आणि चित्रपटाचा पूर्वार्ध ह्या कसोटीला उतरतात; उत्तरार्ध तितका उतरत नाही. तरीही मोजक्या लोकांच्या भाषेत एवढा मोकळा, एवढा भांडखोर आणि बव्हंशी स्वतःवर हसणारा विनोद निर्माण व्हावा, हे त्या भाषेच्या प्रकृतीचे सुचिन्ह आहे.